विद्यापीठात अरबी भाषा आणि संस्कृती शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवी किंवा पदव्युत्तर स्तरावर अरबी घेण्याचा विचार करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण ते प्रश्न खरोखरच गुंतागुंतीचे आहेत. काही दोन-चार वाक्यांत संपतात.

विद्यापीठात जी अरबी शिकवली जाते, ती नेमकी कोणती?

बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी आधुनिक प्रमाण अरबीने सुरुवात होते. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणीवरील बातम्या, सरकारी कागदपत्रे, पाठ्यपुस्तके आणि बहुतांश साहित्य याच भाषेत असते. स्वतः अरबी भाषक या भाषेला आणि तिच्या अभिजात रूपाला मिळून 'फुस्हा' असे एकच नाव देतात, आणि ते अगदीच चुकीचे नाही. आठव्या शतकात इराकमधील बसरा येथे विद्या घेतलेल्या सीबवैह या मूळच्या पर्शियन विद्वानाने अरबी व्याकरणाची जी मांडणी केली, तिची चौकट आजच्या वर्गातही ओळखू येते. शब्दसंग्रह आणि वाक्यांची धाटणी मात्र काळाबरोबर पुष्कळ बदलली आहे.

अडचण अशी की फुस्हा ही कोणाचीही घरात बोलली जाणारी मातृभाषा नाही. घरी, बाजारात, मित्रांमध्ये आणि बहुतेक मालिकांमध्ये त्या त्या प्रदेशाची बोली चालते. पूर्वेकडील देशांत तिला 'आम्मिया' म्हणतात, तर मोरोक्को, अल्जीरिया या बाजूला 'दारिजा'. लेखनाची आणि औपचारिक प्रसंगांची एक भाषा व रोजच्या बोलण्याची दुसरी, या स्थितीला चार्ल्स फर्ग्युसन या भाषावैज्ञानिकाने १९५९ साली 'डायग्लॉसिया' या संज्ञेखाली मांडले. त्यांनी घेतलेल्या चार उदाहरणांत आधुनिक ग्रीक, स्वित्झर्लंडमधील जर्मन आणि हैतीची क्रेओल यांच्याबरोबर अरबी होती. प्रत्यक्षात या दोन टोकांमध्ये असंख्य पायऱ्या असतात. सुशिक्षित वक्ता मुलाखतीत एकाच वाक्याची सुरुवात फुस्हात करतो आणि शेवट बोलीत करतो, आणि ऐकणाऱ्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

मग बोली शिकावी का, कोणती आणि कधी?

शिकावी, आणि शक्यतो पहिल्या दोन वर्षांतच. आधी फुस्हा पक्की करावी आणि मग बोलीकडे वळावे, ही जुनी शिस्त वाचनापुरती ठीक आहे. तिचा परिणाम मात्र असा होतो की तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी अग्रलेख वाचतो, पण शेजारी बसलेल्या माणसाला 'आत्ता किती वाजले' हे विचारताना बातमीपत्र वाचल्यासारखा बोलतो. समोरच्याला ते समजते. उत्तर मात्र बोलीत येते आणि संभाषण तेथेच थांबते.

फरक किती पडतो, हे 'आत्ता' या एका शब्दावरून पाहता येईल. फुस्हात 'अल्-आन', कैरोत 'दिल्वअ्ती', दमास्कस आणि बैरूतमध्ये 'हल्लअ्', आखाती देशांत 'अल्-हीन' आणि मोरोक्कोत 'दाबा'. उच्चारही बदलतात: फुस्हातला 'ज' कैरोत 'ग' होतो, आणि घशातून येणारा 'काफ' कैरो-दमास्कसच्या नागरी बोलण्यात क्षणभर श्वास अडवण्यापुरताच उरतो. मोरोक्कोची दारिजा आणि इराकची बोली यांच्यातील अंतर तर इतके आहे की दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलताना आपली बोली जरा सौम्य करतात आणि फुस्हाचा किंवा चित्रपटांमुळे सर्वदूर ओळखीच्या झालेल्या इजिप्शियन बोलीचा आधार घेतात.

कोणती बोली निवडावी, याचे उत्तर साधे आहे: जेथे राहायचे किंवा ज्यांच्याबरोबर काम करायचे आहे त्यांची. असे काहीच ठरलेले नसेल, तर इजिप्शियन किंवा शामी, म्हणजे सीरिया, लेबनॉन, जॉर्डन आणि पॅलेस्टाइन या पट्ट्यातील बोली घ्यावी. या दोन्हींसाठी शिक्षक, चित्रपट, मालिका आणि अभ्याससाहित्य सहज मिळते. एक बोली नीट आली की दुसरी शिकायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. सगळ्या बोली थोड्या थोड्या शिकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यातून कोणाचीच नसलेली एक खिचडी तयार होते.

लिपी फार कठीण आहे का?

नाही. अरबीबद्दलची ही सर्वांत अवाजवी भीती आहे. अक्षरे २८, लेखन उजवीकडून डावीकडे, आणि शब्दातील जागेनुसार अक्षराचे रूप थोडे बदलते. बहुतेक विद्यार्थी काही आठवड्यांत वाचू लागतात. अलिफ, दाल, धाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, एवढे लक्षात ठेवले की शब्द मध्येच का तुटतात हे कळते. संख्या मात्र डावीकडून उजवीकडेच लिहितात. छापील मजकूर नस्ख वळणात असतो आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी अनेक देशांत रुक्आ वळणात, ज्यात दोन टिंबांची एक छोटी रेघ होते. म्हणून हस्ताक्षर वाचण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

खरी कसोटी लिपीनंतर येते. ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत. क, त, ब एवढीच तीन अक्षरे समोर असतील तर ती 'कतबा' म्हणजे त्याने लिहिले, 'कुतिबा' म्हणजे लिहिले गेले किंवा 'कुतुब' म्हणजे पुस्तके यांपैकी काहीही असू शकतात. कोणते, हे वाक्याची रचना सांगते. त्यामुळे अरबीत मोठ्याने केलेले वाचन हीच व्याकरणाची परीक्षा असते, आणि अनुभवी शिक्षक विद्यार्थ्याला अर्थ विचारण्याआधी एक परिच्छेद वाचून दाखवायला सांगतात.

उच्चार कितपत जमतात?

बहुतेक जमतात, पण त्यासाठी सुरुवातीलाच हट्ट धरावा लागतो. 'ऐन' आणि खोल घशातला 'हा' ही दोन व्यंजने मराठीत नाहीत. तसेच साद, दाद, ता आणि झा ही चार जड व्यंजने, ज्यांच्या उच्चारात जिभेचा मागचा भाग वर ओढला जातो आणि शेजारचा स्वरही जाड होतो. यांचा उच्चार हलका केला तर अर्थ बदलतो. साध्या 'स'ने 'सैफ' म्हटले तर तलवार, जड 'स'ने म्हटले तर उन्हाळा. साध्या 'त'चा 'तीन' म्हणजे अंजीर, जड 'त'चा चिखल. देवनागरीत या दोन्ही जोड्या हुबेहूब सारख्या दिसतात, आणि म्हणूनच देवनागरी किंवा रोमन लिपीतून अरबी शिकण्याचा आडमार्ग पहिल्या महिन्यानंतर सोडून द्यावा.

व्याकरणात सर्वांत जास्त वेळ कशाला लागतो?

शब्द कसे घडतात हे समजायला, आणि तो वेळ अजिबात वाया जात नाही. बहुतेक अरबी शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनांचा धातू असतो आणि ठरलेल्या साच्यांत तो ओतून शब्द बनतात. ख-र-ज हा धातू घ्या. 'खरजा' म्हणजे तो बाहेर पडला. 'अख्रजा' म्हणजे त्याने बाहेर काढले, 'इस्तख्रजा' म्हणजे त्याने खटपट करून एखाद्या गोष्टीतून काही काढून घेतले, आणि 'तखर्रजा' म्हणजे तो पदवीधर झाला. त्याच धातूपासून 'मख्रज' म्हणजे बाहेर पडण्याची वाट, 'मुख्रिज' म्हणजे चित्रपटाचा दिग्दर्शक, 'खिर्रीज' म्हणजे पदवीधर, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या नावातही हाच धातू. क्रियापदाचे असे दहा साचे नित्य वापरात आहेत. ते आणि त्यांची कृदन्ते मुखोद्गत झाली की अनोळखी शब्दाचा अर्थ निम्मा तरी अंदाजाने लागतो.

शब्दकोशही याच तत्त्वावर रचलेले असतात. हान्स वेअर यांचा कोश १९५२ साली जर्मनमध्ये आला, १९६१ साली त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि आजही तो विद्यार्थ्यांच्या हाताशी असतो. त्यात 'इस्तख्रजा' शोधायचा तर 'ख' उघडावा लागतो. पुढचे-मागचे प्रत्यय सोलून धातू ओळखणे पहिल्या वर्षी कंटाळवाणे वाटते. मोबाइलवर थेट शब्द टाकून अर्थ मिळतो हे खरे, पण ज्यांनी ती सोलपट्टी कधी केलीच नाही त्यांचा शब्दसंग्रह फार सावकाश वाढतो.

बाकीच्या गोष्टी पाठ कराव्या लागतात. अनेकवचने पुष्कळदा शब्दाच्या आतच मोडतोड करून होतात: 'बैत' म्हणजे घर आणि 'बुयूत' म्हणजे घरे, 'मदीना' म्हणजे शहर आणि 'मुदुन' म्हणजे शहरे, म्हणून नाम शिकतानाच त्याचे अनेकवचनही शिकावे. संस्कृतप्रमाणे येथे द्विवचन आहे. निर्जीव वस्तू आणि प्राणी यांचे अनेकवचन व्याकरणात स्त्रीलिंगी एकवचन मानले जाते. तीन ते दहापर्यंत मोजताना पुल्लिंगी नामाबरोबर संख्येला स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो, आणि याची संगती लावत बसण्यापेक्षा सवय करून घेणे बरे.

किती वर्षांत भाषा येते?

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांसाठी अरबीला ८८ आठवडे आणि सुमारे २२०० वर्गतास धरते. चिनी, जपानी आणि कोरियन भाषाही त्याच गटात आहेत. स्पॅनिशसाठीचा अंदाज याच्या जवळपास एक-तृतीयांश आहे. हा हिशेब पूर्णवेळ शिकणाऱ्या अधिकाऱ्यांचा आणि व्यावसायिक कामकाजापुरत्या प्रावीण्याचा आहे, हे लक्षात घ्यावे.

आता विद्यापीठाचे गणित मांडा. आठवड्याला ५ तास आणि वर्षाला ३० आठवडे धरले, तर ३ वर्षांत ४५० तास होतात. एवढ्यात शब्दकोशाच्या मदतीने वृत्तपत्र वाचता येते, साधे संभाषण करता येते आणि पुढचा अभ्यास स्वतः करण्याची ताकद येते. कादंबरी सहज वाचणे किंवा चर्चेत मत मांडणे सहसा येत नाही. ते हवे असेल तर उन्हाळी सघन वर्ग, अरब देशातील एखादे वर्ष आणि रोजचे ऐकणे यांची जोड द्यावी लागते. पदवी मिळूनही भाषा आली नाही म्हणून निराश होणारे विद्यार्थी बहुधा हे गणित आधी कोणी समजावून न सांगितलेले असतात.

संस्कृतीच्या तासांत नेमके काय शिकवतात?

चांगल्या विभागात शिष्टाचारांची यादी पाठ करून घेतली जात नाही. अभ्यासाचा गाभा साहित्य, इतिहास आणि विचार यांचा असतो, आणि तो भाषेपासून वेगळा काढता येत नाही. इस्लामपूर्व काळातील कवी इम्रुल्-कैस याच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेचा पहिलाच शब्द 'किफा', म्हणजे 'थांबा, तुम्ही दोघे', हे आज्ञार्थाचे द्विवचन आहे. प्रेयसीचा तळ उठून गेला आहे, मागे खुणा उरल्या आहेत आणि कवी आपल्या दोन सोबत्यांना थांबवतो आहे. द्विवचन ही व्याकरणाची एक कटकट आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला ते या एका शब्दात एकदम जिवंत झालेले दिसते. उद्ध्वस्त तळापाशी थांबण्याचा हा आरंभ पुढे शतकानुशतके कवींनी वापरला, बदलला आणि त्याची थट्टाही केली, आणि ती थट्टा कळायची तर मूळ माहीत असावे लागते.

पुढे अब्बासी खलिफांच्या काळातील बगदाद येते, जेथे हुनैन इब्न इस्हाक यांच्यासारख्या ख्रिस्ती विद्वानांनी ग्रीक वैद्यक अरबीत आणले आणि अल्-ख्वारिझ्मी यांनी बीजगणित लिहिले. मग दहाव्या शतकातील कवी मुतनब्बी, एकोणिसाव्या शतकातील नवजागरण म्हणजे 'नहदा', आणि आधुनिक काळात १९८८ साली नोबेल मिळालेले कादंबरीकार नजीब महफूझ, कवी महमूद दरवीश, गायिका उम्म कुल्सूम. एडवर्ड सईद यांनी १९७८ साली पाश्चात्त्य प्राच्यविद्येवर, म्हणजे पूर्वेकडील समाजांच्या पाश्चात्त्य अभ्यासावर, केलेली टीकाही बहुतेक ठिकाणी वाचायला असते. ज्या शास्त्राने हे अभ्यासक्रम घडवले त्याच शास्त्राची ती उलटतपासणी आहे आणि ती वर्गात व्हायलाच हवी.

रोजचे व्यवहार मात्र पुस्तकापेक्षा माणसांत शिकावेत. आखाती घरात यजमान बिनकानाच्या छोट्या पेल्यात थोडीशीच कॉफी ओततो, आणि पाहुणा रिकामा पेला हलकेच डोलवीपर्यंत पुन्हा पुन्हा ओतत राहतो. 'पुरे' हा शब्द तेथे हातानेच बोलला जातो. याच कॉफी-परंपरेची नोंद २०१५ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. शिष्टाचारांच्या पुस्तकांबद्दल एवढेच म्हणावेसे वाटते की मोरोक्कोतील कासाब्लांका आणि ओमानमधील मस्कत यांना एकाच प्रकरणात बसवणारे पुस्तक खुशाल बाजूला ठेवावे.

अरबी शिकण्यासाठी मुसलमान असावे लागते का?

मुळीच नाही. अरब आणि मुसलमान हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरण्याची चूक पहिल्याच आठवड्यात सोडावी. जगातील बहुसंख्य मुसलमान अरब नाहीत, आणि इजिप्त, लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन येथे ख्रिस्ती अरबी भाषकांचे जुने समाज आहेत. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीस यांनी आपला मुख्य तात्त्विक ग्रंथ हिब्रू अक्षरांत, पण अरबी भाषेत लिहिला. बैरूतचे बुत्रुस अल्-बुस्तानी, ज्यांच्या कोशकार्याशिवाय अरबी नवजागरणाचा इतिहास लिहिता येत नाही, ख्रिस्ती होते. उलट, कुराणाची भाषा न ओळखता अरबी साहित्य वाचणेही अशक्य आहे, कारण तिचे पडसाद निधर्मी कवितेतही उमटतात. म्हणून बहुतेक अभ्यासक्रमांत कुराणातील निवडक भाग सर्वांनाच वाचावा लागतो.

उर्दू किंवा फारसी येत असेल तर फायदा होतो का?

लिपी आणि बरेच शब्द ओळखीचे निघतात, त्यामुळे सुरुवात वेगाने होते. मात्र अरबी ही हिब्रू आणि अम्हारिकप्रमाणे सेमिटिक कुळातील, तर फारसी आणि उर्दू इंडो-युरोपीय. व्याकरणात फारशी मदत होत नाही. शिवाय उर्दूत जड 'स' आणि साधा 'स' एकसारखेच उच्चारले जातात, आणि ही सवय मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात.

विद्यापीठांत अरबी कधीपासून शिकवतात?

अरब जगात मोरोक्कोतील फेजचे करावियीन (परंपरेनुसार स्थापना ८५९) आणि दहाव्या शतकात उभे राहिलेले कैरोचे अल्-अझहर ही विद्येची जुनी केंद्रे आहेत. युरोपात १३११-१२ च्या, फ्रान्समधील व्हिएनच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने अरबीची अध्यासने काढण्याचा ठराव केला, पण धर्मप्रसाराच्या हेतूने केलेला तो ठराव बराचसा कागदावरच राहिला. नेदरलँड्समधील लायडनला १६१३ मध्ये टॉमस एर्पेनियस प्राध्यापक झाले; केंब्रिजला १६३२ मध्ये आणि ऑक्सफर्डला १६३६ मध्ये अध्यासने सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी अरबीला अधिकृत भाषा केले ते १८ डिसेंबर १९७३ रोजी, आणि म्हणूनच तो दिवस जागतिक अरबी भाषा दिन म्हणून पाळला जातो.

परदेशातील वर्षासाठी कोठे जावे?

२०११ पर्यंत दमास्कस हे विदेशी विद्यार्थ्यांचे आवडते ठिकाण होते. सीरियात युद्ध सुरू झाल्यावर त्यांचा ओघ अम्मान, कैरो, रबात आणि फेज यांकडे वळला. शहर निवडताना बोलीचा विचार आधी करावा: दोन वर्षे इजिप्शियन शिकून मोरोक्कोला गेल्यास पहिले दोन महिने काहीच कळत नाही, आणि तेथे सुशिक्षित लोक विदेशी माणूस दिसताच फ्रेंचकडे वळतात, हे वेगळेच. बहुतेक देशांत सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, पण मोरोक्को, ट्युनिशिया, लेबनॉन येथे शनिवार-रविवारची. रमजानमध्ये कचेऱ्यांचे आणि वर्गांचे तास कमी होतात, आणि शहर रात्री जागे असते. भाषा ऐकण्यासाठी त्या रात्रींइतका चांगला काळ नाही.

राहण्याची सोय विदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात करू नये, कारण तेथे वर्षभर इंग्रजीच बोलली जाते. शक्य असेल तर एखाद्या कुटुंबाकडे खोली घ्यावी.

भाषांतराची यंत्रे असताना एवढे कष्ट का घ्यावेत?

बातमीचा सर्वसाधारण आशय हवा असेल तर घेऊ नयेत. पण न लिहिलेले स्वर, कविता आणि बोली येथे यंत्रे अजूनही अडखळतात. तरुण मंडळी मोबाइलवर बोली अनेकदा रोमन अक्षरांत लिहितात आणि 'ऐन'साठी ३, खोल 'हा'साठी ७, तर श्वास अडवणाऱ्या 'हम्झा'साठी २ हे आकडे वापरतात. जुनी हस्तलिखिते, मौखिक इतिहास किंवा निर्वासितांच्या मुलाखती यांवर ज्यांना काम करायचे आहे, त्यांच्यापुढे भाषा शिकण्यावाचून पर्याय नाही.

प्रवेश घेण्याआधी विभागाला काय विचारावे?

बोली कोणत्या वर्षी सुरू होते आणि तिला गुण आहेत का, हे पहिल्यांदा विचारावे. 'विद्यार्थी ती आपोआप शिकतात' असे उत्तर आले तर सावध व्हावे. परदेशातील वर्ष अभ्यासक्रमाचा भाग आहे की स्वखर्चाची हौस, आणि तेथील अभ्यासाचे गुण पदवीत धरले जातात का, हे लेखी विचारून घ्यावे. एका वर्गात किती विद्यार्थी असतात तेही पाहावे, कारण तीस जणांच्या वर्गात 'ऐन' दुरुस्त करायला शिक्षकाला वेळ मिळत नाही. तोंडी परीक्षा दर सत्रात होते का, साहित्य मुळातून वाचले जाते की भाषांतरातून, आणि ग्रंथालयात चालू अरबी नियतकालिके येतात का, एवढे कळले तरी पुरे. जमल्यास दुसऱ्या वर्षाच्या एका तासाला मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मागावी आणि शिक्षक किती बोलतात व विद्यार्थी किती बोलतात, ते घड्याळ लावून पाहावे.